औषधनामांचे व्याकरण आणि व्याधिनामांची अव्यवस्था

मराठीतून रसायनशास्त्र किंवा औषधविद्या यांवर लिहू पाहणाऱ्यापुढे परिभाषेचा प्रश्न प्रथम उभा राहतो आणि बहुधा शेवटपर्यंत तोच त्याची पाठ सोडीत नाही. प्रस्तुत लेखात मनाच्या खिन्नावस्थेवर दिल्या जाणाऱ्या औषधांसंबंधी मराठीत जे लेखन होते त्याचे परीक्षण करावयाचे आहे. लेखक रसायनज्ञ नव्हे. भाषेचा अभ्यासक या नात्याने त्याने हे लेखन वाचले आहे. पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्या व रुग्णांना वाटल्या जाणाऱ्या माहितीपत्रिका यांतून एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते. आपण जेथे भाषांतर करू नये तेथे हट्टाने करतो, आणि जेथे शब्द पारखून घ्यावयास हवा तेथे पहिला हाती लागेल तो उचलतो. रसायनाचे नाव संस्कृतात नेण्यासाठी समित्या बसतात. रोगाचे नाव मात्र कोणी तपासून पाहत नाही.

उदाहरण दूरचे घेण्याचे कारण नाही. मुंबईच्या गोरेगाव उपनगरात सिबा या स्विस कंपनीचे संशोधन केंद्र होते. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले व डॉ. टी. आर. गोविंदाचारी हे त्याचे संचालक होते. या केंद्रात तयार झालेल्या संयुगांच्या सांकेतिक क्रमांकांना गोरेगाव या नावातील ‘गो’ हे आद्याक्षर जोडीत असत. याच केंद्रात डॉ. के. नागराजन व त्यांचे सहकारी यांच्या कामातून नायट्रॉक्सॅझेपीन हे औषध निघाले व सिंटामिल या व्यापारी नावाने ते भारतात विकले गेले. गुणधर्माने ते इमिप्रामीनच्या जवळचे आहे. खिन्नावस्थेवर, आणि मुलांचे झोपेत अंथरूण ओले होते त्या तक्रारीवरही, ते वापरले गेले. आपल्याच राज्यात जन्मलेल्या या औषधाविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले असे काही प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आले नाही. बाझेल व इंडियानापोलिस येथील प्रयोगशाळांच्या कथा मात्र मराठी वाचकास तपशीलवार सांगण्यात आलेल्या आहेत.

नायट्रॉक्सॅझेपीन हे नाव प्रथमदर्शनी उच्चारासही अवघड वाटते. तथापि त्याचा विग्रह करून पाहिला म्हणजे ते किती काटेकोर सामासिक पद आहे हे ध्यानी येते. नायट्रो, ऑक्सा, अझा आणि एपीन असे त्याचे चार घटक. कार्बनेतर अणू ज्यांच्या वलयात आहेत अशा संयुगांना नावे देण्याची ही पद्धती हान्च व विडमन या दोघा रसायनज्ञांनी १८८७ व १८८८ मध्ये स्वतंत्रपणे सुचविली. तिच्यात ऑक्सा म्हणजे वलयातील ऑक्सिजन, अझा म्हणजे नायट्रोजन, आणि एपीन म्हणजे सात अणूंचे असंपृक्त वलय. एपीन हा प्रत्यय सात या अर्थाच्या ग्रीक ‘हेप्टा’ या शब्दाच्या मधल्या तुकड्यापासून घडविला आहे. हा हेप्टा आपल्या ‘सप्त’चा सख्खा भाऊ, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. घटकांचा क्रमही ठरलेला आहे: ऑक्सिजन आधी, नायट्रोजन नंतर. दोन स्वर एकत्र आले की पहिला गळावा असाही नियम आहे. ‘ऑक्सा’मधील अंत्य आ ‘अझा’पुढे जातो, ‘अझा’चा ‘एपीन’पुढे जातो, आणि ऑक्सॅझेपीन हे रूप सिद्ध होते. ‘हर’ व ‘एक’ मिळून ‘हरेक’ होते त्या पररूप संधीचाच हा प्रकार. ज्यास हा नियम कळला तो लोक्सापीन व अमोक्सापीन ही नावे वाचतानाही आतले वलय ओळखू लागतो. या दोन औषधांचा सांगाडा नायट्रॉक्सॅझेपीनसारखाच आहे, आणि त्या दोहोंत परस्परभेद आहे तो अवघ्या एका मिथिल गटाचा. एवढ्या भेदाने पहिले चित्तभ्रमावरचे औषध ठरले व दुसरे खिन्नावस्थेवरचे.

हे लघुनाम सर्वच सांगते असे मात्र नव्हे. सप्तवलयाच्या दोन बाजूंस बेंझीनची दोन वलये जोडलेली आहेत, आणि वलयातील नायट्रोजनावर तीन कार्बनांची एक शेपटी असून तिच्या टोकास दोन मिथिल गट धारण करणारा दुसरा नायट्रोजन आहे. याविषयी ते मौन पाळते. C, H या चिन्हांचे नागरीकरण करून सांगावयाचे तर रेणूत अठरा कार्बन, एकोणीस हायड्रोजन, तीन नायट्रोजन व चार ऑक्सिजन आहेत, आणि रेणुभार सुमारे ३४१ आहे. शेपटीवरील नायट्रोजन आम्लारिधर्मी असल्याने त्याचे हायड्रोक्लोराइड लवण होते. इमिप्रामीनची शेपटी अगदी हीच आहे. फरक आहे तो ती जेथून निघते त्या जागेचा. इमिप्रामीनमध्ये बेंझीनच्या दोन वलयांना एका अंगाने एकटा नायट्रोजन सांधतो व दुसऱ्या अंगाने दोन कार्बन. शेपटी त्या एकट्या नायट्रोजनावर असते. नायट्रॉक्सॅझेपीनमध्ये एकट्या सांध्याची जागा ऑक्सिजनाने घेतली आहे, आणि नायट्रोजन समोरच्या दुहेरी पुलावर, कार्बोनिल गटाशेजारी, जाऊन बसला आहे. शेपटीने बाजू बदलली तरी औषधाचा धर्म पुष्कळसा टिकला, ही गोष्ट रसायनज्ञास बोलकी वाटावी.

आता अशा नावाचे मराठीकरण करू म्हणणाऱ्याने काय करावे? प्राण, नत्र व सप्तवलय यांची मोट बांधून ‘प्राणनत्रसप्तवलयी’ असा शब्द घडविता येईल. घडविणाऱ्यास समाधान लाभेल, परंतु वाचकाच्या हातून मूळ नावाची किल्ली जाईल, आणि नव्या शब्दास स्वतःचा संधिनियम, क्रमनियम व प्रत्ययव्यवस्था नसल्याने तो एका संयुगापुरताच उरेल. नामकरणाची पद्धती ही स्वतःच एक भाषा आहे. तिच्यातील एकेक शब्द वेगळा काढून भाषांतरित केला तर व्याकरण मागे राहते. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मध्ये झाल्यानंतर विज्ञानाच्या परिभाषेचे जे काम झाले त्यात मूलद्रव्ये व संयुगे यांची आंतरराष्ट्रीय नावे लिप्यंतरित करून ठेवण्याकडे कल राहिला, तो योग्यच होता. वर्गवाचक शब्दांची गोष्ट निराळी. ‘त्रिवलयी’ हा शब्द चांगला आहे; त्यात तीन वलये डोळ्यांपुढे उभी राहतात. त्याऐवजी कोणी ‘त्रिचक्री’ लिहितो तेव्हा नाशिकच्या वाचकास सीबीएसच्या थांब्यावरील रिक्षा आठवल्यावाचून राहणार नाही.

याहून गंभीर दोष आहे तो सर्वांत प्रचलित औषधवर्गाच्या नावात. फ्लुऑक्सेटीन व तिच्या मागून आलेली औषधे यांना मराठीत ‘निवडक सेरोटोनीन पुनर्ग्रहण प्रतिबंधक’ असे म्हटले जाते. मराठीत ‘निवडक’ म्हणजे निवडलेले: निवडक निबंध, निवडक आंबे. निवड करणारे असा अर्थ तो शब्द देत नाही. शिवाय मराठी विशेषण लगतच्या नामास चिकटते, म्हणून ‘निवडक सेरोटोनीन’ असा अन्वय लागून काही वेचलेली सेरोटोनिने असावीत असा बोध होतो. प्रतिपाद्य अर्थ नेमका उलट आहे. मज्जापेशी आपण सोडलेले सेरोटोनीन परत ओढून घेतात. ते औषध तेवढीच ओढ थांबविते, नॉरॲड्रेनलीनची बव्हंशी थांबवीत नाही. ‘सेरोटोनीनपुरतेच पुनर्ग्रहण रोखणारे’ असे म्हटले की काम भागते. ‘पुरते’ हे साधे शब्दयोगी अव्यय जे करते ते संस्कृत विशेषणास साधत नाही.

फ्लुऑक्सेटीन हे नाव जागतिक आरोग्य संघटनेच्या व्यवस्थेतले आहे. औषधांना कोणाच्या मालकीची नसलेली नावे देण्याचे काम या संघटनेने १९५० मध्ये हाती घेतले व पहिली यादी १९५३ मध्ये निघाली. या नावांच्या अंती कुलदर्शक तुकडे असतात: ‘प्रामीन’ हे इमिप्रामीनचे कुल, ‘ट्रिप्टिलीन’ हे अमिट्रिप्टिलीनचे, ‘ऑक्सेटीन’ हे फ्लुऑक्सेटीनचे. उच्चार सुकर व्हावा म्हणून लेखनाचे संकेतही घालून दिले आहेत. परंतु आपल्या काही लेखकांनी या कुलतुकड्यास उपयोगवाचक प्रत्यय मानले आहे, हे चूक होय. अटोमॉक्सेटीन हे औषध अवधानदोषावर दिले जाते, खिन्नावस्थेवर नव्हे. आडनावावरून व्यवसाय ठरविण्यासारखेच हे आहे. लेखनात एकवाक्यता नाही हेही नमूद करावयास हवे. अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ लिहावा हा मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमावलीतील संकेत पाळावयाचा तर ‘प्रामीन’, ‘ऑक्सेटीन’ असे लिहावे लागते. एकाच पुस्तकात तीन पानांच्या अंतरावर दोन्ही रूपे आढळतात, आणि सूचीत ती दोन औषधे होऊन बसतात.

ही झाली औषधांची नावे. व्याधीचे नाव काय? इंग्रजी डिप्रेशन या शब्दासाठी मराठीत नैराश्य, विषाद, अवसाद, खिन्नता, औदासीन्य असे शब्द मिळतात, व त्यांपैकी नैराश्य सर्वत्र रुळला आहे. हा शब्द निराशेवरून आलेला असल्याने आशेचा भंग त्याच्या पोटातच आहे. ज्याची आशा भंगली त्याला काही कारण असलेच पाहिजे, असे ऐकणारा आपोआप धरून चालतो. म्हणूनच ‘एवढे सगळे असून नैराश्य कशाचे?’ हा प्रश्न आपल्या घरोघर विचारला जातो. तो निर्दयपणाने विचारलेला नसतो; शब्दच तो विचारावयास लावतो. आशाहीनता हे या विकाराच्या अनेक लक्षणांपैकी एक आहे. तिच्याविना केवळ झोप उडणे, भूक जाणे, हालचाल मंदावणे, कशातच गोडी न वाटणे एवढ्यावरही रोग उभा राहू शकतो. अवसाद हा शब्द हिंदीत स्थिरावला आहे. मराठीत भूशास्त्राने तो गाळाकरिता घेतला आहे. विषाद व अवसाद दोहोंचा धातू सद्, म्हणजे बसणे, खाली बसणे. लॅटिन मूळ शब्दाचा अर्थही खाली दाबणे असाच आहे. या सर्वांच्या सर्वांत निकटचे मराठी क्रियापद कोणत्याही समितीने सुचविलेले नाही: खचणे. जमीन खचते, भिंत खचते, माणूसही खचतो. दुर्दैव इतकेच की त्यापासून नीट भाववाचक नाम होत नाही, आणि ‘खच’ म्हटले तर रास असा अर्थ होतो. नाम हवेच असेल तर विषाद पत्करावा असे आमचे मत आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या नावामुळे तो मराठी कानास परका नाही. अर्जुनाच्या विषादास कारण होते हा आक्षेप त्यावर घेता येईल, व तो खोटा नाही.

औषधाच्या विशेषणाचा घोळ याच्याच पुढचा. ‘नैराश्यरोधक’ हा शब्द ‘जलरोधक’च्या साच्यातला आहे. जलरोधक कापड पाणी आत येऊ देत नाही. त्याप्रमाणे निरोग्याने ही गोळी घेतली तर दुःख जवळ फिरकणार नाही असा ध्वनी त्यातून निघतो. आयुर्वेदाने अशा स्थळी ‘घ्न’, ‘हर’, ‘शामक’ असे भिन्न प्रत्यय योजले आहेत: ज्वरघ्न, शूलहर, वेदनाशामक. शामक हा अर्थाने सर्वांत योग्य ठरला असता, परंतु ‘शामक औषधे’ ही संज्ञा गुंगी आणणाऱ्या औषधांनी आधीच अडविली आहे. यापेक्षा अँटिडिप्रेसंट हा शब्द नागरी लिपीत तसाच ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल.

हा केवळ शब्दांचा कीस आहे असे कोणी म्हणेल. गंगापूर रोडवर दवाखाने व औषधांची दुकाने यांची रांगच आहे. या दुकानांस आता कोणी औषधांचे दुकान म्हणत नाही, ‘मेडिकल’ म्हणतात. तेथे क्षणभर उभे राहिल्यास मनोविकारावरील प्रत्येक गोळीस लोक एकच नाव देतात हे ऐकू येते: झोपेची गोळी. फ्लुऑक्सेटीन ही झोपेची गोळी नव्हे. उलट कित्येकांची झोप ती सुरुवातीस बिघडविते, म्हणून बहुधा सकाळी घ्यावयास सांगतात. तिचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. शरीरात तिच्यापासून होणारे नॉरफ्लुऑक्सेटीन हे द्रव्य निम्मे होण्यास आठवडा किंवा त्याहून अधिक काळ जातो. जो तिला झोपेची गोळी समजतो तो झोप न आलेल्या रात्रीच ती घेतो, आणि झोप येऊ लागली की सोडून देतो. एका चुकीच्या नावाने येथे सबंध उपचार वाया जातो.

संशोधनाच्या मापांतही हीच झोप आडवी येते. या औषधांचा गुण मोजण्यासाठी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेली मापनश्रेणी अद्यापि वापरात आहे. सतरा बाबींच्या या श्रेणीत कमाल गुण ५२. त्यांपैकी झोपेच्या तीन बाबींस मिळून सहा. गुंगी आणणारे त्रिवलयी औषध केवळ झोप सुधारून काही गुण खाली आणू शकते. इंग्लंडमधील नाइस या संस्थेने २००४ मध्ये औषध व निर्गुण गोळी यांत तीन गुणांचे अंतर पडले तर ते उपचारदृष्ट्या अर्थपूर्ण मानावे असे ठरविले होते, आणि २००८ मध्ये अर्व्हिंग कर्श व सहकाऱ्यांनी अनेक चाचण्या एकत्र करून काढलेले सरासरी अंतर दोन गुणांच्याही आत होते. उलट २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या चिप्रियानी यांच्या आढाव्यात ५२२ चाचण्यांवरून एकवीसही औषधे निर्गुण गोळीहून सरस ठरली, व जुने अमिट्रिप्टिलीन त्यांत अग्रभागी होते. या दोन निष्कर्षांत दिसतो तेवढा विरोध नाही. सरसपणा असणे व तो मोठा असणे या दोन गोष्टी होत. मराठी वृत्तलेखांनी मात्र एका वर्षी ‘औषधे निरुपयोगी’ व दुसऱ्या वर्षी ‘औषधे प्रभावी’ असे मथळे दिले.

रुग्णाने स्वतः भरावयाच्या नऊ प्रश्नांच्या पत्रकाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पत्रकाच्या दुसऱ्या प्रश्नात उदासपणा, डिप्रेशन व आशाहीनता या तिन्ही भावना शेजारी ठेवल्या आहेत. मधल्या शब्दाचा अनुवाद नैराश्य असा केला की तिसरा त्यातच बुडतो, आणि तिहींचे दोन होतात. शिवाय इंग्रजी वाक्यात अनुभवणारा कर्ता असतो. मराठी बोलणारा ‘मला करमत नाही’, ‘माझे मन लागत नाही’, ‘जीव रमत नाही’, ‘कशात राम वाटत नाही’ असे सांगतो. यांत माणूस चतुर्थीत किंवा षष्ठीत सरकतो व वाक्याचा धनी होतो मन किंवा जीव. ‘त्याने हाय खाल्ली’ हा याला अपवाद, पण तेथे बोलणारा दुसराच असतो; स्वतःविषयी ‘मी हाय खाल्ली’ असे प्रायः कोणी म्हणत नाही. ‘मी निराश आहे’ या विधानास जो नकार देईल तोच ‘करमत नाही’ला होकार देईल, असा संभव पुष्कळ आहे. मराठी भाषकांवर औषधाचा गुण मोजताना हा संभव हिशेबात घेतला पाहिजे.

शेवटी ‘रासायनिक असमतोल’ या शब्दप्रयोगाविषयी. ही कल्पना ज्या वाटेने आली तिचा एक टप्पा मुंबईत आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील सर्पगंधेच्या गुणाविषयीचा आपला निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये सिबाच्याच बाझेल येथील संशोधकांनी त्या मुळीतून रेसर्पीन वेगळे केले. रेसर्पीनने मेंदूतील सेरोटोनीन घटते असे दिसले, ते घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता आल्याचे कळले, आणि खिन्नता म्हणजे या द्रव्यांची उणीव असा तर्क बांधला गेला. १९६५ मध्ये शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रेनलीनच्या बाजूने व १९६७ मध्ये कॉपन यांनी सेरोटोनीनच्या बाजूने तो मांडला. परंतु १९५५ मध्येच डेव्हीज व शेफर्ड यांनी लंडनमध्ये चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांना रेसर्पीन देऊन गुण आल्याचे नोंदविले होते. ती नोंद तर्काच्या आड येत असल्याने मागे पडली. २०२२ मध्ये मॉनक्रीफ व सहकाऱ्यांनी सेरोटोनीन घटल्याने खिन्नता येते याला सुसंगत पुरावा मिळत नाही असा निष्कर्ष काढला. त्यावर तज्ज्ञांत वाद झाला व तो शमलेला नाही. औषधाने गुण येतो की नाही हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. तापावर पॅरासिटामॉल लागू पडते म्हणून ताप ही पॅरासिटामॉलची उणीव ठरत नाही.

मराठीत हा तर्क इतक्या सहज रुजला याचे कारण भाषेत आधीच तयार होते. वात, पित्त व कफ यांचे साम्य म्हणजे आरोग्य, वैषम्य म्हणजे रोग, ही समजूत आपल्या बोलण्यात मुरलेली आहे. ‘पित्त वाढले’ म्हणणाऱ्यास ‘सेरोटोनीन कमी झाले’ हे वाक्य नवे वाटत नाही. केवळ एक नाव बदलते. माहितीपत्रिकांतून ‘मेंदूतील रसायनांची कमतरता हे औषध भरून काढते’ असे छापले जाते, तेव्हा लेखकास आपण आधुनिक विज्ञान सांगत आहोत असे वाटते, आणि वाचक त्यात जुना दोषविचारच वाचतो. ‘हे औषध मज्जापेशींनी सोडलेले सेरोटोनीन परत घेतले जाण्यास अटकाव करते, त्यामुळे काही आठवड्यांनी पुष्कळ रुग्णांस उतार पडतो, तो कसा पडतो हे पूर्णपणे उलगडलेले नाही’ अशी तीन वाक्ये तेथे छापता येतील. ती लांब आहेत, परंतु त्यांत एकही शब्द असा नाही की जो गंगापूर रोडवरील दुकानदारास गिऱ्हाइकाला वाचून दाखविता येणार नाही.